ज्येष्ठेच्या नथीतलं पाणी

१

जवाहर चौकातल्या गोविंदजी सोनींनी नथ भिंगाखाली धरली, एकदा शालिनीबाईंकडे पाहिलं, पुन्हा नथीकडे पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "बहनजी, ये मोती नहीं हैं. प्लास्टिक है. और सोना भी सोना नहीं है."

आता बोला! नथ कुणाची, तर साक्षात ज्येष्ठा महालक्ष्मीची. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आपल्या विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात. अवजड यंत्रांचा कारखाना उभा राहिला तेव्हा नागपूर-अमरावतीहून भोपाळला आलेल्या घरांनी टाउनशिपमध्ये मराठी मंडळ काढलं आणि सगळ्यांच्या मिळून एकच ज्येष्ठा-कनिष्ठा हॉलमध्ये बसवायचं ठरवलं. दोघींना दोन नथी करायच्या तर मोती कुठून आणणार? तेव्हा प्रत्येक बाईनं आपल्या अंगावरच्या दागिन्यातला एकेक मोती काढून दिला होता. त्यातल्या कितीतरी बायका आता राहिल्या नाहीत. म्हणून ती नथ गेली म्हणजे नुसता दागिना गेला असं कुणालाच वाटलं नाही.

मंडळाची बैठक त्याच संध्याकाळी बसली. अध्यक्ष नरहरभाऊ परसोडकर, कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सगळ्यांचे वडीलधारे. सचिव शालिनीबाई, चार इमली वस्तीतल्या बंगल्यात राहणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या, बोलण्यात फटकळ पण कामाला चोख. आणि कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलेल्या कमलताई आकोटकर. कमलिनी हे त्यांचं नाव फक्त कारखान्याच्या ओळखपत्रावर होतं. त्यांची सारी नोकरी तपासणी विभागात गेली. मोठमोठ्या यंत्रांच्या जोडांचे एक्स-रे काढायचे आणि त्या फिल्मवर भेग दिसते का पाहायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असं टाउनशिपमध्ये म्हणत, आणि त्याही ते खोडून काढत नसत.

नथ नेमकी कधी बदलली, हा खरा प्रश्न होता. पहिल्या दिवशी दागिने घालतात शालिनीबाई. विसर्जनाला उतरवते कमलताईंची मैत्रीण सिंधू धानोरकर, आणि डबा मग तिच्याच घरी जातो, कारण हळदीकुंकवानं माखलेला एकेक दागिना पुसून तीच तो शालिनीबाईंकडे परत करते. यंदा डबा परत आला तेव्हा नथीची तार सैल वाटली म्हणून शालिनीबाई तो तडक सोनाराकडे घेऊन गेल्या होत्या.

तेवढ्यात कुणाला तरी हेमंतच्या फिल्मची आठवण झाली. हेमंत टाउनशिपमध्येच वाढलेला. मुंबईत फिल्मांचे रंग आणि उजेड जुळवण्याचं काम शिकून आला आणि अवधपुरीत त्यानं स्वतःचा स्टुडिओ टाकला. मंडळाच्या पन्नाशीनिमित्त त्यानं यंदाच्या सणाची फिल्म केली होती. आठवड्यापूर्वी ती हॉलमध्ये दाखवली, तेव्हा हळदीकुंकवाच्या संध्याकाळी समयांच्या उजेडात उजळलेले ते दोन चेहरे पाहून अख्ख्या हॉलनं हात जोडले होते. नरहरभाऊंच्या तर डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "आईनं पाहिलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

फिल्म पुन्हा लावली. गोविंदजींनाही बोलावून घेतलं होतं. पडद्यावर ज्येष्ठेचा चेहरा आला आणि ते उठून पुढे गेले, अगदी पडद्याला नाक लागेल इतके पुढे. "ये असली है," ते म्हणाले. "पानी देखिए मोती का."

म्हणजे हळदीकुंकवापर्यंत नथ खरी. त्यानंतर विसर्जनापर्यंत देवीसमोर बायकांची भजनं चालू होती, तिथून कुणी काय नेणार? नथीला पुढचा हात लागला तो एकट्या सिंधूचा. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी घेतली नाही," सिंधू म्हणाली. 

शालिनीबाईंचं म्हणणं, पोलिसात जायचं. नरहरभाऊंनी हात वर केला. म्हणाले, घरातली गोष्ट घरात मिटवू, रविवारच्या सभेपर्यंत नथ जिथल्या तिथे आली तर कुणी कुणाला काही विचारणार नाही. केवढं मोठं मन, असं सगळे म्हणाले. सिंधू मात्र उठून चालू लागली.

कमलताई जागच्या हलल्या नाहीत. त्या अजून पडद्याकडेच पाहत होत्या. मोत्यांना पाणी होतं, हे खरंच. पण ज्येष्ठेच्या गालावर, नाकाच्या अगदी शेजारी, हळदीचं एक बोट उमटलं होतं, आणि ती हळद समईच्या ज्योतीहून जास्त चमकत होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलताई सिंधूच्या क्वार्टरवर पोचल्या तेव्हा ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. बहिणीकडे यवतमाळला निघून जायचं तिनं ठरवलं होतं, परत न येण्यासाठी.

"पळून गेलीस तर लोक काय म्हणतील?" कमलताईंनी विचारलं.

"थांबले तर काय म्हणणार आहेत?"

कमलताई पलंगाच्या कडेला टेकल्या. सिंधूचा नवरा गेला त्या वर्षी मंडळात कुजबुज सुरू झाली होती, की आता हिनं देवीला हात लावावा का. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण सिंधूला हाक मारणंच बंद झालं होतं. तेव्हा नरहरभाऊंची बायको कांचन भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, महालक्ष्म्यांना निरोप सिंधूच्याच हातचा हवा, नाहीतर मी उद्यापासून हॉलची पायरी चढणार नाही. कांचनपुढे कुणाची काय टाप होती! तेव्हापासून दागिने उतरवण्याचा मान सिंधूचा झाला. कांचन गेली, पण मान राहिला. आणि आता त्याच हातांना लोक चोर म्हणत होते. कुजबुजणाऱ्यांना तर आयतंच फावलं होतं.

"हे एकच आहे गं माझं," सिंधू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "वर्षभर मी त्या एका सकाळसाठी जगते."

 मैत्रीण रडते म्हणून ती निर्दोष ठरत नाही, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. तरी कमलताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, चहा स्वतःच टाकला, आणि मग सणाचा दुसरा दिवस सुरुवातीपासून सांगायला लावला.

सिंधूनं सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक असलेलंच. दुपारी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील असा महानैवेद्य दाखवला. मग रीतीप्रमाणे आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. देवी जेवते तेव्हा माणसानं पाहायचं नसतं. हेमंतला आत कॅमेरा चालू ठेवायचा होता, तर बायकांनी त्याला असा झापला की बिचारा मुकाट्यानं पंगतीत जाऊन बसला. सगळे बाहेर जेवायला बसले. बोळातल्या त्या दाराला पाठ लावून, पंगतीच्या नजरेआड, मंडळातला वडीलधारा माणूस एकटा बसतो, तसे नरहरभाऊ बसले होते. शालिनीबाई पंगतीत वाढत होत्या, सिंधू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. पानं उठल्यावर नरहरभाऊंनी तीन टाळ्या वाजवून दार उघडलं.

"आणि गालावर हळदीचं बोट दिसलं," कमलताई म्हणाल्या.

"हो. आधी नव्हतं ते. देवी जेवली, तिनंच खूण ठेवली, म्हणून बायका रडल्या. तूही हात जोडलेस."

जोडले होते खरे. अंगावर काटाही आला होता.

कमलताईंनी शेवटचं विचारलं, नथ उतरवताना काही वेगळं वाटलं का? सिंधूनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली की हलकी लागली. वाटलं, आपल्यालाच भास होतोय. आणि आता ते सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार आहे?

३

चार इमलीत शालिनीबाईंनी कमलताईंना बसवलं, सरबत दिलं आणि लगेच तोफ डागली. दागिने त्यांनी स्वतः घातले होते, नथ खरीच होती, आणि त्यांना सिंधूबद्दल काही आकस नव्हता, पण नियम म्हणजे नियम. नरहरभाऊंचं हे पांघरूण घालणं त्यांना मुळीच पटत नव्हतं. "निर्दोष असेल तर पोलिसांना कशाला भ्यायचं?" त्या म्हणाल्या. बोलणं कडू, पण सरळ. ज्यानं स्वतः नथ लांबवली तो ती सोनाराच्या भिंगाखाली नेऊन कशाला ठेवील, हेही कमलताईंनी मनातल्या मनात नोंदवलं.

तिथून त्या नरहरभाऊंकडे गेल्या. अवधपुरीतल्या त्यांच्या घरात खोकीच खोकी रचून ठेवली होती. घर विकलं होतं, दिवाळीनंतर ते मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार होते. भिंतीवर कांचनचा फोटो तेवढा अजून होता. त्यांनी कमलताईंना खोक्यावरच बसायला सांगितलं आणि ओशाळून हसले.

काय झालं असेल, असं विचारल्यावर ते म्हणाले, आईला सगळं ठाऊक आहे. सिंधूताईंना कुणी त्रास देऊ नये. आई सगळ्यांना सोडवते. पडद्यावर नाही का तिनं स्वतः दाखवलं?

"काय दाखवलं?" कमलताईंनी विचारलं.

ते एकदम थांबले. मग म्हणाले, "तिचं तेज."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कमलताई वर्षानुवर्षं माणसांचे नव्हे, लोखंडाचे जोड तपासत आल्या होत्या, पण एवढं त्यांनाही कळलं की हा माणूस भारावून गेलेला आहे. कशानं, ते कळेना. बाहेर पडताना त्यांना एक जुनी शिकवण आठवली. फिल्मवर भेग दिसली की आधी फिल्मवर संशय घ्यायचा, मग लोखंडावर. फिल्मलाच ओरखडा असतो, आणि चांगला जोड उगाच कापला जातो.

हेमंतचा स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडेच होता.

४

भर दुपारी त्या खोलीत पडदे ओढलेले होते. भिंती राखाडी, छत राखाडी. आजूबाजूच्या रंगानं डोळा फसू नये म्हणून, हेमंत म्हणाला. मधोमध मोठा पडदा आणि त्यावर ज्येष्ठा-कनिष्ठा शेजारी शेजारी, हळदीकुंकवाच्या संध्याकाळच्या. कमलताई नकळत चपला काढून आत आल्या.

"नथीवर काय केलंस रे?"

"काकू, कसम से, नथीला मी टचही नाही केलं."

"मग हळदीवर?"

"हळदीवर?" तो हसला. "हळदीवर कशाला कोण काही करेल?"

"मग ती समईपेक्षा जास्त का चमकते?"

 खुर्ची पुढे ओढून हेमंत गालावरच्या त्या बोटाकडे पाहत राहिला. एवढ्या वेळा पाहिलेलं चित्र, पण हे त्याला दिसलंच नव्हतं. आपल्या कामात बुडालेल्या माणसाचं असंच होतं.

मग त्यानं सगळं उलगडून दाखवलं. चित्राखाली छोटे छोटे चौकोन होते, एका रेघेनं एकमेकांना जोडलेले. त्यांना नोड म्हणतात. प्रत्येक चौकोनात एकच काम. पहिल्यात उजेड नीट केला. दुसऱ्यात चित्राला संध्याकाळचा उबदार पिवळेपणा दिला, कारण हॉलमधल्या ट्यूबलाइटनं सगळं पांढरंफटक दिसत होतं. तिसऱ्यात ज्योतींचा पिवळा रंग तेवढा निवडला आणि त्यावर चमक टाकली. चौथ्यात कडा अंधारल्या. पाचव्यात जुन्या फिल्मसारखे बारीक कण. एकातून निघालेलं चित्र दुसऱ्यात जातं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात.

"तू ज्योत निवडलीस, हे यंत्राला कसं कळतं?"

"ज्योत नाही निवडली काकू, रंग निवडला. देखो."

त्यानं एक बटण दाबलं आणि सगळं चित्र राखेसारखं करडं झालं. जे निवडलेलं होतं तेवढंच रंगात उरलं. समयांच्या ज्योती होत्या. त्यांच्याबरोबर गालावरचं हळदीचं बोट होतं. आणि दोन्ही देव्यांच्या नाकांत, पोकळीत टांगल्यासारखे, दोन नथींचे मोती होते.

कमलताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हेमंत हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटला, बहुधा देवाचं नाव. मोती पांढरे, पण दुसऱ्या चौकोनानं ते पिवळसर केले, आणि तिसऱ्यानं त्यांनाच ज्योत समजून उजळवलं. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर होती. एकापुढे एक आली तेव्हा त्यांनी मोत्यांना पाणी चढवलं.

"यातलं मूळ चित्र आता गेलं का रे?" कमलताईंनी विचारलं.

"मूळ कधीच जात नाही. ते खाली तसंच असतं. वरचं उतरवायचं फक्त."

आणि त्यानं एकेक चौकोन बंद करायला घेतला. कण गेले. कडांचा अंधार गेला. चमक गेली. पिवळेपणा गेला. एकेक थर उतरताना कमलताईंना विसर्जनाची सकाळ आठवली. सिंधू एकेक दागिना काढते, शेवटी नुसता पितळी मुखवटा उरतो, आणि तेव्हाच खरं तर देवी सगळ्यांत जवळची वाटते. पडद्यावर आता ट्यूबलाइटच्या उजेडातले साधे, थोडे झिजलेले दोन चेहरे होते, मागे पोपडे आलेली भिंत. काय सुंदर दिसत होत्या त्या दोघी! कमलताईंचा हात आपोआप छातीशी गेला. ज्या यंत्रानं एवढा देखावा उभा केला त्यानंच तो हलक्या हातानं उतरवून सत्य जसंच्या तसं पुढ्यात ठेवलं होतं. आयुष्यभर फिल्म पाहिल्या, पण असं काही पाहिलं नव्हतं.

"नथी मोठ्या करून दाखव. दोन्ही."

कनिष्ठेच्या मोत्यांत चमक नसतानाही पाणी होतं. आतून येणारा मऊ उजेड, कडेला हलकीशी गुलाबी झाक. ज्येष्ठेच्या मोत्यांवर ट्यूबलाइटचा एकेक कडक पांढरा ठिपका, आणि बाकी नुसता रंग. तपासणीत असंच करतात, चांगला तुकडा शेजारी ठेवून वाईट ओळखतात. इथं तर दोन बहिणीच शेजारी बसल्या होत्या.

"म्हणजे संध्याकाळीच नकली होती!" हेमंत म्हणाला. "मग शालिनी काकूंनी घातली तेव्हाच..."

"थांब. घाई करू नकोस. दुपारचं दाखव. नैवेद्य दाखवला तेव्हाचं, दार लावायच्या आधीचं."

त्यानं ते चित्र लावलं, त्यावरचंही सगळं उतरवलं, आणि नथी मोठ्या केल्या. दोन्हींतून तोच मऊ उजेड येत होता. ज्येष्ठेचा गाल स्वच्छ होता.

 हॉलमधली ती पंगत कमलताईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, वाढणारी शालिनी, लाटणारी सिंधू, जेवणारे सगळे. आणि बंद दार. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला जाळी आहे. त्यांना एकदम सगळं दिसलं आणि दिसल्याचा आनंद मुळीच झाला नाही.

"रविवारी हे सगळं हॉलमध्ये घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि तोवर ताकास तूर लागू देऊ नकोस."

५

रविवारी हॉल गच्च भरला होता. सिंधू येणार नव्हती, तिला कमलताईंनी अक्षरशः ओढून आणून पहिल्या रांगेत बसवलं. नरहरभाऊंनी सभा सुरू केली. नथ परत आलेली नाही, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. शालिनीबाई तक्रारीचं बोलायला उठल्या, तेवढ्यात कमलताईंनी जरा वेळ मागितला आणि हेमंतला खूण केली.

पडद्यावर उजळलेली ज्येष्ठा आली. सवयीनं काही हात जोडले गेले. मग हेमंतनं निवडलेला रंग तेवढा दाखवला, ज्योती, हळद, मोती, आणि हॉलमध्ये एक लांब श्वास ऐकू आला. त्यानं चमकेचा चौकोन उचलून पिवळेपणाच्या चौकोनाआधी ठेवला. कामं तीच, फक्त क्रम बदलला. ज्योती उजळलेल्याच राहिल्या, पण मोती विझले आणि हळद मातीसारखी दिसू लागली. एक म्हातारी बाई उभी राहिली आणि उभीच राहिली. मग तो एकेक थर उतरवत गेला.  शेवटी दोन साधे चेहरे आणि दोन नथी उरल्या. गोविंदजी मान डोलवत म्हणाले, "मेरी आँख धोखा खा गई," आणि सिंधूकडे वळून त्यांनी हात जोडले.

कमलताईंनी मग दुपारचं आणि संध्याकाळचं चित्र शेजारी शेजारी लावायला सांगितलं. त्या सावकाश बोलल्या. दार लागलं तेव्हा नथ खरी आणि गाल स्वच्छ. दार उघडल्यानंतर नथ खोटी आणि गालावर हळदीचं बोट. ते बोट आपण देवीची खूण मानलं, मीही मानलं. दुसऱ्या कुठल्या लोकांनी आधी विचारलं असतं की आत कोण गेलं होतं. आपल्यापैकी कुणी विचारलं नाही, कारण देवी जेवताना आत कुणी जाणारच नाही याची आपल्याला खात्री होती. नथ काढताना हळदीनं माखलेलं बोट गालाला लागलं, एवढंच ते होतं.

"मी जेवत होते," त्या म्हणाल्या. "शालिनी वाढत होती. सिंधूच्या पोळ्या तुम्ही सगळ्यांनी गरम गरम खाल्ल्या, ती पोळपाटावरून उठली नव्हती. हेमंत माझ्या शेजारच्या पानावर होता. नरहरभाऊ, दार तुमच्याकडे होतं."

नरहरभाऊ खुर्चीत बसले होते, ते पडद्याकडेच पाहत होते. त्यांनी नाकारलं नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी रुमाल काढला, उलगडला, आणि खरी नथ तळहातावर घेतली.

"यात कांचनचा मोती आहे," ते म्हणाले. "मी इथून चाललो. घर गेलं. वाटलं, तिचा तेवढा एक मोती सोबत न्यावा, त्या जागी दुसरा बसवावा आणि नथ डब्यात परत ठेवावी. कुणाला कळलं नसतं. पण घरी नेऊन पाहिलं तर तिचा कुठला, ते मला ओळखूच येईना. इतकी वर्षं तिच्यासोबत काढली आणि ओळखू येईना."

"मग परत का नाही केली?" शालिनीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"करणार होतो. तेवढ्यात ही फिल्म दाखवली. मी स्वतःच्या हातानं खोटी नथ घातली होती, आणि पडद्यावर तिला खऱ्या मोत्यांचं पाणी चढलं होतं. मला वाटलं, आईनं माझं पाप पाहिलं आणि पोटात घातलं. तिनंच झाकलंय तर मी कशाला उघडू? सिंधूताईंवर आळ आला तेव्हाही वाटत राहिलं की ती त्यांनाही सोडवील." त्यांनी पडद्यावरच्या त्या छोट्या चौकोनांकडे पाहिलं. "तो चमत्कार नव्हता तर."

 मग कुणीतरी मागून म्हणालं, जाऊ द्या, वयस्कर माणूस आहे, नथ मिळाली ना. दोघातिघांनी माना डोलावल्या. मंडळाचा स्वभावच तसा, झालं गेलं विसरायला सगळ्यांत आधी तयार. तेव्हा सिंधू उठली.

६

ती रडत नव्हती. पदर खोचून ती नरहरभाऊंसमोर जाऊन उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. कमलताईंनी तिला इतकी वर्षं ओळखलं होतं, पण हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"भाऊजी, माझा नवरा गेला तेव्हा इथं कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. कांचन एकटी उभी राहिली होती, इथेच, तुम्ही बसलात त्याच जागी. तुम्हाला तिचा मोती हवा होता. तिनं मला जे दिलं होतं ते तुम्ही जाऊ दिलंत. रोज बघत होतात आणि जाऊ देत होतात."

नरहरभाऊंनी मान खाली घातली.  नथ त्यांनी दोन्ही हातांवर धरून पुढे केली, पण सिंधूनं ती घेतली नाही.

"माझ्या हातात नका देऊ. आधी सांगा यांना. चोर कोण नाही ते माझं नाव घेऊन सांगा. उभं राहून."

म्हातारे नरहरभाऊ खुर्चीचा आधार घेत उभे राहिले. कुणी मदतीला धावलं तर त्यांनी हातानं थांबवलं. माइक नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सिंधू धानोरकर हिनं काहीही घेतलेलं नाही, घेतलं ते मी, आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. एवढं बोलून ते थांबले. मग न सांगता पुन्हा एकदा तेच म्हणाले.

शालिनीबाई उठल्या आणि दागिन्यांचा डबा सिंधूसमोर उघडून धरला. मान खाली घालून. त्यांच्यासारख्या बाईला याहून जास्त माफी मागता येत नाही, हे सगळ्यांना समजलं. ज्या दोघी सर्वांत जास्त कुजबुजत असत त्या मागच्या रांगेतून पुढे आल्या आणि उगाचच सिंधूच्या जवळ उभ्या राहिल्या.

सिंधूनं नथ घेतली. पदराच्या टोकानं पुसली, उजेडाकडे धरून पाहिली. एकेक मोती बोटानं फिरवून पाहत ती बराच वेळ उभी होती.

"भाऊजी, तुम्हाला ओळखू आला नाही ना तिचा? मलाही येत नाही. दरवर्षी पुसते तरी येत नाही." तिनं नथ डब्यात ठेवली. "मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणणार नाही. आज मला ते जमत नाही. पण पुढच्या वर्षी तुम्ही पुण्याहून यायचं. मी ज्येष्ठेची नथ उतरवीन तेव्हा तुम्ही समोर बसायचं आणि बघायचं."

 नरहरभाऊंनी होकारार्थी मान हलवली. सिंधूनं डब्याचं झाकण लावलं, तो काखेत धरला आणि कमलताईंना म्हणाली, चल गं, घरी जाऊन यवतमाळसाठी घातलेल्या घड्या मोडायच्या आहेत.